प्रेशर-ट्रीटेड लाकडाचं डेक आणि पोर्च: रंग, स्टेन की नुसतं सीलर?

उंबरठा

घर न्यू जर्सीत. मागे उघडं डेक, १२ फूट × १६ फूट. पुढे छपराखालचा पोर्च, ६ फूट × २० फूट. दोन्हीकडे नवं प्रेशर-ट्रीटेड सदर्न यलो पाइन. डेकच्या फळ्या मे महिन्यात बसवल्या. त्या अजून हिरवट दिसतात आणि काहींना हात लावला तर गार, ओलसर लागतात. त्यांच्या टोकाच्या चिठ्ठीवर 'एमसीए' (तांब्याचं एक लाकूडरक्षक रसायन) आणि 'ग्राउंड काँटॅक्ट' (मातीला टेकलं तरी चालेल असं) असं छापलंय. पोर्चच्या टंग-ग्रूव्ह (एका कडेला जीभ, दुसरीला खाच) फळ्या अजून बसवायच्या आहेत, त्यांच्या चिठ्ठीवर 'केडीएटी' (ट्रीटमेंटनंतर भट्टीत वाळवलेल्या) आहे.

मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. "वर्षभर हात लावू नका", "महिन्याच्या आत सील करा", "सरळ रंग मारा". दोन्ही जागी एकच वस्तू चालेल का? पारदर्शक सीलर, सेमी-ट्रान्सपरंट स्टेन, सॉलिड स्टेन, की पोर्च-पेंट? घरात लहान मूल अनवाणी फिरतं, दारात रोज रांगोळी असते, डेकवर तुळशीची कुंडी आहे. हेही धरून सांगा.

रंधा

एकच वस्तू नको. दोन जागांची उत्तरं वेगळी आहेत.

प्रेशर-ट्रीटमेंट लाकडाला कुजण्यापासून आणि वाळवीपासून वाचवते, पाण्यापासून नाही. बंद टाकीत आधी निर्वात करून लाकडातली हवा ओढून घेतात, मग तांबं मिसळलेलं पाणी दाबाखाली आत घुसवतात. तांबं आत राहतं, पण लाकूड पूर्वीसारखंच पाणी पितं, फुगतं, सुकतं, आकसतं. उन्हाने त्यातलं लिग्निन (लाकडाचे धागे धरून ठेवणारा घटक) तुटतं आणि वरचा थर राखाडी पडतो. फिनिश लावायचं ते पाण्याची ये-जा मंद करायला आणि ऊन अडवायला. 'ट्रीटेड आहे, मग काही लावायची गरज नाही' हा समज चुकीचा आहे. असं लाकूड कुजत नाही, पण त्याला चिरा पडतात, फळ्या पिळवटतात, कुसं निघतात. अनवाणी मुलासाठी कुसं हीच मुख्य अडचण.

उघड्या डेकला लाकडात मुरणारा, तेलाचा सेमी-ट्रान्सपरंट स्टेन. पोर्चला प्रायमर आणि वर पोर्च-अँड-फ्लोअर पेंट, तेही फळी बसवण्याआधी सहाही बाजूंना प्रायमर मारून.

मुरणारा स्टेन झिजतो. वर थर धरणाऱ्या रंगाचे पोपडे निघतात. झिजलेल्यावर धुऊन पुन्हा एक हात मारता येतो, पोपडे मात्र खरवडावेच लागतात.

पाचपाकळी

@रंधा, डेकबद्दल सहमत नाही. सेमी-ट्रान्सपरंट दोन उन्हाळ्यांत फिका पडतो. सॉलिड स्टेनमध्ये रंगद्रव्य जास्त, म्हणून ऊन जास्त अडतं, हिरवटपणा पूर्ण झाकतो आणि चार-पाच वर्षं बघावं लागत नाही. रंगासारखा जाड थरही नसतो.

रंधा

उभ्या पृष्ठभागावर तुमचं म्हणणं बरोबर आहे. रेलिंगला, खांबांना, पायऱ्यांच्या उभ्या पट्ट्यांना सॉलिड स्टेन छान टिकतो. पायाखालच्या आडव्या फळीचं गणित वेगळं. तिच्यावर पाणी थांबतं, बर्फ आठवडे पडून राहतो, खुर्चीचे पाय घासतात. खालची बाजू उघडी असते, तिथून ओल आत शिरते आणि वर ऊन पडलं की वाफ होऊन बाहेर पडू बघते. सॉलिड स्टेनचा थर पातळ असला तरी थरच. वाफ त्याला खालून उचलते. सुरुवात नेहमी फळीच्या टोकाशी, गाठीभोवती आणि स्क्रूच्या डोक्याशी होते.

आणखी एक. पारदर्शक, सेमी-ट्रान्सपरंट, सॉलिड, पेंट हा जिना आहे आणि तो चढायला सोपा आहे. सेमी-ट्रान्सपरंटवर पुढे सॉलिड मारता येतो. सॉलिडवरून खाली यायचं तर स्ट्रिपर लावून सगळं काढावं लागतं. नव्या डेकला पहिल्याच वर्षी वरच्या पायरीवर का नेऊन ठेवायचं?

सुतारपक्षी

वस्तू कोणती यापेक्षा कधी, हे आधी ठरवा. ओल्या फळीवर जगातलं सर्वांत महाग फिनिश लावलं तरी ते आत जाणार नाही, कारण आत जागाच नसते, पेशी पाण्याने भरलेल्या असतात.

पाण्याची चाचणी: डेकवर पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी चमचाभर पाणी टाका. सावलीतल्या फळ्या धरा, भिंतीलगतच्या धरा. दहा मिनिटांत पाणी जिरलं आणि लाकूड गडद झालं, तर फळी तयार. थेंब गोल होऊन तसाच बसला, तर थांबा.

ओल मोजायचा मीटर असेल तर उत्तम. दोन सुयांचा साधा मीटर पुरतो. १५ टक्क्यांच्या आसपास आलं की लावा, १९च्या वर असेल तर अजिबात नाही. तांब्याच्या क्षारांमुळे ट्रीटेड लाकडावर मीटर किंचित जास्त आकडा दाखवतो, म्हणून १६-१७ दिसलं तर घाबरू नका. फळीच्या मध्यावर मोजा. टोकं लवकर सुकतात, तिथला आकडा फसवतो.

किती दिवस लागतात ते हवेवर आणि फळीवर आहे. डेकखाली वारा खेळत असेल तर पाच-सहा आठवड्यांत होतं, डेक जमिनीपासून फूटभरच वर असेल तर तीन-चार महिनेही लागतात. म्हणून 'महिनाभर' किंवा 'वर्षभर' असं तारखेत सांगणारा सल्ला धरू नका.

उंबरठा

@सुतारपक्षी, काही फळ्यांवर पाणी जिरतं, काहींवर थेंब तसाच राहतो, आणि त्या फळ्या हाताला कोरड्या आहेत. मग?

सुतारपक्षी

दोन शक्यता. काही डेक-फळ्यांमध्ये ट्रीटमेंटच्या वेळीच मेणाचा अंश घालतात, पाणी सरकून जावं म्हणून. असं असेल तर चिठ्ठीवर 'वॉटर रिपेलंट' लिहिलेलं असतं. त्यांच्यावर पाण्यावर आधारित स्टेन धरत नाहीत, तेलाचा स्टेन घ्या. दुसरी शक्यता, कारखान्यात रंधा मारून फळी इतकी गुळगुळीत झाली आहे की वरची रंध्रं दबली आहेत. त्याला ६० ते ८० ग्रिटचा घासकागद, फळीच्या रेषांच्या दिशेने, एक हलका हात. १२०-१५०पर्यंत जाऊ नका. फर्निचरसारखं मऊ केलं तर स्टेन शिरायची दारं आपण स्वतः बंद करतो.

घासताना धूळमास्क हवाच. भुसा गोळा करून कचऱ्यात टाका. तुळशीच्या कुंडीत किंवा भाजीच्या वाफ्यात नको. उरलेले तुकडे शेकोटीत कधीही जाळू नका.

शलाका

वरच्या मुद्द्याला जोडून, कारण जुन्या घरात राहणारेही हा धागा वाचत असतील.

२००३ अखेरपर्यंत अमेरिकेत घरगुती डेकसाठी मुख्यतः सीसीए वापरत, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापरासाठी ते थांबलं आणि एसीक्यू, कॉपर अ‍ॅझोल आणि नंतर एमसीए ही आर्सेनिक नसलेली, तांब्याची रसायनं आली. म्हणून २००४च्या आधीचं डेक असेल तर सँडर लावू नका. धूळच धोक्याची. साबणाने हलकं धुऊन, वाळवून, मुरणारा स्टेन नियमाने देत राहा. त्याने लाकडातून बाहेर झिरपणारं आर्सेनिकही कमी होतं. पोर्च १९७८च्या आधीचा आणि रंगवलेला असेल तर शिशाची तपासणी केल्याशिवाय खरवडू नका.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. सीसीएचा शोध १९३३ साली सोंती कामेसन यांनी लावला. ते देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत होते. 'अ‍ॅस्क्यू' या नावाने तो जगभर गेला. आर्सेनिकचं 'अ‍ॅस' आणि तांब्याचं 'क्यू'. पुढे कितीतरी दशकं जगातले विजेचे खांब आणि अंगणातली डेकं त्या मिश्रणावर उभी होती. हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे याचं वाईट वाटतं.

पाचपाकळी

कामेसन यांच्याबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद!

वायव्य_वारा

ऑरेगन-वॉशिंग्टनकडच्यांसाठी एक भर. इथे सदर्न यलो पाइन फारसं मिळत नाही. हेम-फर आणि डग्लस-फर मिळतं, आणि ते रसायन सहज आत घेत नाही, म्हणून आधी यंत्राने फळीवर बारीक चिरा पाडतात. त्या चिरा घासून जात नाहीत आणि घालवूही नयेत, कारण वरचाच थर सुरक्षित असतो. अशी फळी स्टेन जास्त पिते. गुळगुळीत पाइनला एका गॅलनमध्ये २००-२५० चौरस फूट होत असतील तर इथे १५० धरा. तपकिरी छटा कारखान्यातूनच दिलेली असेल तर ती फिनिश नव्हे, नुसता रंग आहे. उन्हात जातो.

उंबरठा

म्हणजे माझ्या १९२ चौरस फुटांना किती?

रंधा

एका हाताला एक गॅलन. फळ्यांच्या कडा आणि टोकं धरून थोडा जास्त, म्हणून दोन गॅलन आणा. रेलिंगचा हिशेब वेगळा, उभ्या दांड्या दिसतात त्याहून जास्त पितात. दोन्ही डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा, नाहीतर दुसऱ्या डब्यापाशी छटा बदललेली दिसते. काम चालू असतानाही ढवळत राहा, रंगद्रव्य तळाशी बसतं.

लावायची पद्धत: एका वेळी दोन किंवा तीन फळ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता. फळीच्या मध्यावर थांबलात तर तिथे दुहेरी पट्टा उमटतो आणि तो जात नाही. पॅडने पसरा, मागोमाग ब्रशने आत घासा. नुसता फवारा मारून सोडू नका. दुसरा हात द्यायचा तर पहिला ओला असतानाच, साधारण तासाभरात. पहिला सुकला की तो रंध्रं बंद करतो आणि दुसरा वर चकाकत, चिकट राहतो. लाकडाने जे घेतलं नाही ते तासाभरात फडक्याने पुसून घ्या. 'जास्त लावलं तर जास्त टिकेल' ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आत न गेलेला स्टेन वर पातळ थर बनतो आणि मग मुरणारा स्टेनसुद्धा पोपडे धरतो.

हवा ५० ते ९० फॅरनहाइट. आधी आणि नंतर २४ तास पाऊस नको. फळीवर थेट ऊन नको, नाहीतर आत जाण्याआधीच वरून सुकतो. संध्याकाळी उशिरा लावलं तर रात्रीचं दव पडतं. सकाळी दव वाळल्यावर, सूर्य डेकवर यायच्या आत किंवा सरकून गेल्यावर.

कोकणपट्टी

इकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे होमस्टेंमध्ये आयात ट्रीटेड पाइनची डेकं बरीच दिसायला लागली आहेत, म्हणून इकडचं लिहितो.

हवेच्या आर्द्रतेमुळे पावसाळ्यात लाकडाची ओल १८-२० टक्क्यांवर जाते, पाऊस थेट न पडताही. म्हणून जून ते सप्टेंबर काहीही लावायचं नाही. दिवाळीनंतर फळ्या दोनेक महिने वाळू द्यायच्या आणि जानेवारी ते होळी या काळात स्टेन लावायचा. मे महिन्यात फळी इतकी तापते की स्टेन पसरायच्या आधी उडतो. समुद्रालगत असेल तर स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या, ३०४ला खाऱ्या वाऱ्यात चहाच्या रंगाचे डाग पडतात.

भारतात ट्रीटेड लाकूड घेताना कोणत्या रसायनाचं आहे ते लेखी विचारा. आयएस ४०१ या मानकात लाकूड टिकवण्याच्या पद्धती दिल्या आहेत. इकडे सीसीए आणि सीसीबी (आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेलं) दोन्ही भेटतात. पायाखालच्या, मुलं खेळतात त्या जागेला आर्सेनिक नसलेलं घ्या.

आणि प्रश्न: काजूच्या टरफलांचं तेल? होड्यांना आणि वाशांना ते पिढ्यान्पिढ्या लावतात. वाळवी फिरकत नाही.

शलाका

वाशांना चांगलं, पायाखाली नको. ते तेल त्वचेला भाजतं, उन्हात तापलं की चिकट राहतं, लाकूड काळं करतं आणि नंतर त्यावर कोणताही स्टेन धरत नाही. वाळवीपासूनचं रक्षण तर ट्रीटमेंटने आधीच झालेलं आहे. ज्याची गरज आहे ते, म्हणजे ऊन अडवणं, त्याने होत नाही.

हेच जवसाच्या तेलाचं. नुसतं जवसाचं तेल बुरशीचं जेवण आहे. दमट हवेत सहा महिन्यांत काळे ठिपके धरतात. तेलाचा स्टेन विकत घेताना डब्यावर बुरशीनाशक आणि पाणी रोखणारं मेण असल्याचं लिहिलेलं पाहून घ्या.

मिशिगनकर

नवं डेक धुवावं लागतं का, हे कुणी लिहिलं नाही. लागतं. बसवताना लागलेला चिखल, बुटांचे ठसे, लाकडाच्या शाईचे शिक्के, सगळं स्टेनखाली कायमचं अडकतं.

ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, एका गॅलन कोमट पाण्यात सुमारे एक कप. ओतून १०-१५ मिनिटं ओलं ठेवा, वाळू देऊ नका, मग नायलॉनच्या केसांच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश नको. लोखंडाचे कण लाकडात अडकतात आणि पुढच्या पावसात काळे ठिपके उमटतात. द्रावण त्याच दिवशी संपवा, बंद बाटलीत भरून ठेवू नका, आत वायू साचून बाटली फुटते.

धुतल्यावर लाकूड क्षारयुक्त आणि गडद होतं. त्याला ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी, गॅलनला साधारण ४ औंस. लाकूड पुन्हा उजळतं, खिळ्यांचे काळे डागही जातात. हातमोजे, चष्मा, आणि मूल-कुत्रा घरात. झुडपांवर आधी साधं पाणी मारून ठेवा. क्लोरीन ब्लीच यात कुठेही आणू नका. ते लाकडाचे धागे पोखरतं, स्क्रू गंजवतं, आणि ऑक्झॅलिकशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

प्रेशर वॉशर वापरायचाच तर ४० अंशांचा पंखा-नॉझल, फुटभर अंतर, दाब ६००-१००० पीएसआयच्या आसपास. लाकडाला लव फुटलेली दिसली की दाब जास्त झाला. मग वाळायला दोन-तीन कोरडे दिवस.

पाचपाकळी

बरं, डेकचा मुद्दा मान्य. मग पोर्चला तरी थर धरणारा पेंट कसा चालतो? लाकूड तेच, ट्रीटमेंट तीच.

रंधा

चांगला प्रश्न, कारण इथेच लोक घसरतात.

पोर्चवर छप्पर आहे. थेट पाऊस आणि डोक्यावरचं ऊन जवळजवळ नाही, फक्त पुढच्या दोन-अडीच फुटांवर वाऱ्याने पाणी येतं. केडीएटी फळ्या ट्रीटमेंटनंतर भट्टीत वाळवलेल्या असतात, १९ टक्के किंवा त्याखाली. म्हणून त्या कमी आकसतात. ओली ५½ इंचाची फळी पूर्ण वाळेपर्यंत जवळपास ०.२ इंच अरुंद होते. टंग-ग्रूव्हची ३⅛ इंचाची फळी ओली बसवली तर ⅛ इंचाची फट पडते आणि खाचेतून न रंगवलेली जीभ दिसायला लागते, तिथूनच पाणी आत. उंबरठा यांच्याकडे केडीएटी आहे ही मोठी जमेची बाजू. मात्र त्या गॅरेजमध्ये जमिनीवर ठेवू नका, खाली आडव्या पट्ट्या द्या, आणि बसवण्याआधी मीटर लावून पाहा.

काम असं. फळ्या सुताराच्या लाकडी घोड्यांवर मांडून सहाही बाजूंना बाहेरच्या वापराचा प्रायमर, वर, खाली, जीभ, खाच आणि दोन्ही टोकं. एका गॅलनमध्ये तुमचे १२० चौरस फूट दोन्ही बाजूंनी होतात. फळी कापली की त्या ताज्या टोकाला आधी कॉपर नॅप्थेनेट (तांब्याचं लाकूडरक्षक), लाकूड घेईल तितकं पाजा, कारण रसायन गाभ्यापर्यंत गेलेलं नसतं. ते नीट वाळल्यावर प्रायमर. बसवल्यावर पोर्च-पेंटचे दोन हात, दोन्ही मिळून एक गॅलन. दोन हातांमध्ये डब्यावरचा वेळ पाळा. दुसऱ्या दिवशी चालता येतं, तीन दिवसांनी खुर्च्या, पूर्ण कडक व्हायला महिनाभर.

पोर्चच्या फळ्यांच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार हवा. पोर्चखाली माती उघडी असेल तर तिच्यावर ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक अंथरा आणि जाळीतून हवा खेळू द्या. पोर्चचा रंग वरून कमी आणि खालून जास्त उचलला जातो.

सुतारपक्षी

@रंधा यांना दुरुस्ती नाही, भर. रंगवायच्या लाकडाला 'वर्षभर उन्हात ठेवा' हा सल्ला सर्वांत घातक. उन्हात दोन-तीन आठवडे उघडं राहिलेल्या लाकडाच्या वरच्या पेशी सैल होतात, आणि रंग त्या सैल थराला चिकटतो, खालच्या घट्ट लाकडाला नाही. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने (अमेरिकी सरकारची लाकूड संशोधन संस्था) हे वर्षानुवर्षं तपासून मांडलंय. वाळवायचं आहे, रापवायचं नाही. फळ्या रापल्याच असतील तर प्रायमरआधी ८० ग्रिटचा हात देऊन ताजं लाकूड उघडं करा.

उंबरठा

रांगोळी आणि तुळस राहिली. आणि पोर्च ओला झाला की घसरडा होईल का?

शलाका

घसरू नये म्हणून पेंटच्या शेवटच्या हातात घसरणरोधक बारीक दाणे मिसळायला मिळतात. मात्र दाण्यांच्या पृष्ठभागावर रांगोळीची रेघ नीट उठत नाही आणि पुसताना रंगीत पूड खाचांत बसते. म्हणून पायऱ्या आणि पुढच्या दोन फुटांना दाणे, दारासमोरचा चौकोन गुळगुळीत. कोरडी रांगोळी पेंटला काही करत नाही, हळद-कुंकू ओलं झालं तर डाग धरतं, त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पुसा. पणत्या तबकात ठेवा, तेल मुरलं की पुढच्या वेळी त्या जागी रंग धरत नाही.

तुळशीच्या कुंडीखाली तीन पाय किंवा दोन पट्ट्या, इंचभर हवा जाईल असं. थेट फळीवर ठेवलेल्या कुंडीखाली काळं वर्तुळ पडतं आणि फिनिश सर्वांत आधी तिथेच संपतं. रोज पाणी घालणार, म्हणून ताटली हवी आणि ती रिकामी होत राहायला हवी.

रंग फार गडद निवडू नका. जुलैत दुपारी गडद तपकिरी फळीवर मुलाचे तळवे भाजतात. डेकला मधासारखी किंवा देवदारासारखी लालसर-तपकिरी छटा घ्या. ती तांब्याचा हिरवट रंग झाकते. पारदर्शक सीलर हिरवट झाक तशीच ठेवतं आणि वर्षभरात संपतं. राखाडी छटा हिरवटावर मळकट दिसते. आधी उरलेल्या फळीच्या तुकड्यावर लावून, वाळवून, उन्हात बघा.

वायव्य_वारा

'जुन्या डेकला नवं रूप' म्हणून जाड, चिरा भरणारे लेप मिळतात, त्यांच्याबद्दलही लिहून ठेवा. नव्या डेकला कधीच नको, जुन्यालाही नको. वरून पाणी अडतं, पण चिरांतून आणि खालून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. दोन हिवाळ्यांत चटईसारखे तुकडे निघतात आणि राहिलेलं काढायला ग्राइंडर लागतो.

कोकणपट्टी

घरात, म्हणजे बंद खोलीत ट्रीटेड पाइनची जमीन आणि वर पॉलियुरेथेन, असं एका जागी सुचवलं जातंय. चालेल?

सुतारपक्षी

खोली कोरडी असेल आणि लाकूड आतल्या हवेइतकं, साधारण १२ टक्क्यांपर्यंत वाळलं असेल तर पाण्याचं पॉलियुरेथेन बसतं. पण घराच्या आत कुजण्याचा धोका नसताना ट्रीटेड लाकूड वापरण्यात फायदा काय? फळ्या आकसून फटी पडतात आणि हिरवट रंग झाकायला वेगळा स्टेन लागतो. आत साधं सुकं लाकूड घ्या. बाहेरच्या डेकवर मात्र पॉलियुरेथेन किंवा व्हार्निश कधीच नको. उन्हात पिवळं पडून काचेसारखं तडकतं.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. डेकच्या फळ्या १५च्या आसपास येईपर्यंत थांबायचं, धुवायचं, उजळवायचं, हलकं घासायचं, मग देवदार छटेचा तेलाचा सेमी-ट्रान्सपरंट. रेलिंगला त्याच छटेचा सॉलिड. पोर्चच्या फळ्यांना या आठवड्यात प्रायमर. ऑक्टोबरपर्यंत डेक वाळलं नाही तर?

मिशिगनकर

तर हिवाळा तसाच जाऊ द्या. रात्री ५०च्या खाली जायला लागल्यावर घाईने लावू नका. एका हिवाळ्याने ट्रीटेड डेकचं काही बिघडत नाही. पानं कुजू देऊ नका, बर्फ प्लास्टिकच्या फावड्याने फळीच्या लांबीच्या दिशेने काढा, मीठ टाकू नका. एप्रिल-मेमध्ये धुऊन, ६०-८० ग्रिटने राखाडी थर काढून लावा.

रंधा

आणि स्टेन लागल्यावर त्याच संध्याकाळी करायचं काम: तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. एकेक फडकं उलगडून बाहेर कुंपणावर वाळत घाला, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. पॅड आणि पुसायचे कागदसुद्धा तसेच.

उंबरठा

हे माहीत नव्हतं. झाकणाचा पत्र्याचा डबा यादीत लिहिला.